चार पेट्यांतला संबळ

लग्नसराईत धसईपासून मुरबाडपर्यंत आणि पुढे शहापुरापर्यंत कुठल्याही मांडवाबाहेर उभे राहा, माझ्या मामाचा संबळ ऐकू येईल. मामा मात्र तेव्हा वैशाखऱ्याजवळच्या आपल्या घरात पडवीत बसलेला असतो. त्याने संबळाला हात लावून आता वर्ष होत आलं. हे कसं झालं ते मला नेमकं माहीत आहे, कारण ते मीच केलं.

मी ऑक्टोपॅड वाजवतो. रबराचे आठ चौकोन असलेली ती एक पाटी असते. काठीने चौकोनावर मारलं की आत भरून ठेवलेला आवाज पेटीतून, म्हणजे स्पीकरमधून, बाहेर येतो. ढोलकी भरा, ताशा भरा, काच फुटल्याचा आवाज भरा, यंत्राची कशाला ना नसते. बेंजो पार्टीत, म्हणजे लग्नात वाजवणाऱ्या आमच्या पथकात, माझी जागा टेम्पोवर, कीबोर्डवाल्याच्या शेजारी. हळदीला बायका माझ्या ठेक्यावर नाचतात आणि दमल्या की शिव्याही मलाच घालतात, कारण मी थांबत नाही.

नवीन पोरं विचारतात, दादा, तुम्ही कोणाकडून शिकलात? मग मी कल्याणच्या ऑर्केस्ट्रातल्या एका ड्रमरचं सांगतो. दहावीनंतर त्याची स्टँडं उचलत मी त्याच्याबरोबर गावोगाव फिरलो. तो कानात घड्याळासारखी टिकटिक लावून वाजवायचा आणि मलाही तसंच वाजवायला लावायचा. "तुझं मन गेलं चुलीत. टिकटिकीच्या पुढे जायचं नाही," म्हणायचा. त्याने मला धंद्याला लावलं हे खरं आहे. पण माझ्या मनगटात जो काही गोडवा असेल, तो मामाचा. मे महिन्याची सुट्टी लागली की आई मला मामाकडे धाडायची, आणि मी दिवसभर त्याच्या मागे पत्र्याचा डबा बडवत हिंडायचो. मामाकडे टिकटिक नव्हती. तो नाचणाऱ्याचे पाय बघून वाजवायचा. पाय जड पडले की ठोका जड, पाय अडखळले की ठोका थांबून वाट बघणार. इतकं साधं होतं ते, आणि ते मला अजून जमत नाही.

मामाचं खरं काम बोहाड्यात. होळीनंतर गावात देवादिकांच्या मुखवट्यांची सोंगं नाचतात, तो बोहाडा. प्रत्येक सोंगाचा मान एकेका घराकडे असतो. देवीचा मान मामाच्या शेजारच्या घराकडे आहे, आणि मी लहान असल्यापासून देवीचं सोंग शेजारचे बाबाच घ्यायचे. मामा आणि बाबा एका वयाचे. दोघांची भांडणंही बघण्यासारखी, बांधावरून एकमेकांच्या सात पिढ्या काढायच्या आणि संध्याकाळी एकाच काडीवर बिड्या पेटवायच्या.

देवीचा मुखवटा लाकडी आणि चांगला जड. त्याचे डोळे नुसते रंगवलेले आहेत. आतल्या माणसाला दिसतं ते नाकपुड्यांखालच्या भोकांतून, आणि तेही स्वतःच्या पायाच्या अंगठ्यापुरतं. म्हणून संबळवाला देवीच्या पुढे, तिच्याकडे तोंड करून, उलटा चालतो. कमरेला संबळाची दोन भांडी, हातात दोन काठ्या. तो ज्या बाजूला वळेल त्या बाजूने आवाज येणार, आणि देवी आवाजामागे जाणार. बाहेरगावच्या माणसाला वाटतं, संबळ नाचासाठी आहे. तो वाट दाखवायला आहे. हे मला कोणी नव्याने सांगायची गरज नव्हती. मी त्या वाटेने त्या दोघांच्या मधून पळालेलो आहे आणि त्यासाठी मामाच्या काठीचा फटकाही खाल्लेला आहे.

तीन दिवाळ्यांपूर्वी मी माइक घेऊन मामाकडे गेलो. माझ्या पॅडमधले संबळाचे आवाज कुठल्यातरी शहरातल्या स्टुडिओत भरलेले होते, डालड्याच्या डब्यासारखे वाजायचे. मला मामाचा हात हवा होता. पडवीत गोधड्या टांगल्या, कोंबड्या हाकलल्या आणि मामाला म्हटलं, एक एकच ठोका मार, मध्ये थांब.

"एकच ठोका?" मामा म्हणाला. "एकटा ठोका म्हंजे काय वाजवनं हाय? त्याच्या मागं दुसरा यायला नको?"

तो एक मारायचा आणि राहवत नसल्यासारखा दुसरा मारायचा. मामी दारात पदर तोंडाला लावून हसत होती. शेवटी दुसऱ्या ठोक्याला मी त्याचं मनगट धरायला लागलो. असे हळू, जोरात, काठावर, मध्यावर सगळे ठोके मी एकेक सुटे करून घेतले.

"कशाला रे यवढं?" त्याने विचारलं.

"आठवण म्हणून," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात ते ठोके माझ्या पॅडमध्ये गेले. हळदीला पहिल्यांदा वाजवले तेव्हा म्हाताऱ्या बायकांनी मान वर केली. शहापूरच्या पार्टीतल्या मित्राने मागितले, मी फुशारकीत दिले. त्याने पुढे दिले. आमच्या धंद्यात असा भरलेला आवाज म्हणजे पॅच, आणि तो सर्दीसारखा पसरतो. सहा महिन्यांत प्रत्येक पार्टीकडे तो होता, आणि पोरं त्याला माझ्या नावाने ओळखायला लागली. मी कोणालाही दुरुस्त केलं नाही. मला ते आवडत होतं.

मामाने एका लग्नात तो ऐकला तेव्हा तो टेम्पोपाशी येऊन टाळी वाजवून हसला. "आयला, ह्यो तं मीच!" जमलेल्यांना त्याने हाताला धरून धरून सांगितलं. मग त्याची बोलावणी कमी झाली. ज्यांच्याकडे पॅड आहे त्यांना संबळवाला कशाला हवा? मामा म्हणायचा, बरं झालं, भाताकडं लक्ष देता येतं. मीही ते खरं मानून घेतलं. सोयीचं असलं की माणूस काहीही मानतो.

गेल्या बोहाड्याला गावातल्या पोरांनी ठरवलं, यंदा मोठा साउंड लावायचा. ही पोरं रोज कल्याणला कामाला जाणारी, त्यांनी बाहेरचे उत्सव पाहिलेले. मला बोलावलं ते मानानं, गावचा भाचा म्हणून. मीही चार पेट्या घेऊन गेलो. दोन देवळाशी, एक शाळेच्या कुंपणाला, आणि चौथी पाराच्या कडेला, जिथून ओढ्याकडे दगडी पायऱ्या उतरतात.

"ती पेटी तिथं कशाला?" मामाने विचारलं.

"वायर तिथंच पोचते, मामा."

 पोरांनी बोलावलं नव्हतं तरी मामाने नेहमीसारखा संबळ कमरेला बांधला होता. बोहाड्यात संबळवाल्याला बोलावणं कसलं?

शेवटच्या दिवशी सकाळी देवी निघते. उन्हं वर आली होती, बायका ओवाळायला उंबऱ्यांवर उभ्या होत्या. बाबा हिरवं लुगडं नेसून, मुखवटा बांधून बाहेर आले. मामा त्यांच्यापुढे उलटा चालत वाजवायला लागला, आणि मी पॅडवर वाजवायला लागलो. मामाच्या काठ्या खालीवर होताना मला दिसत होत्या. त्यांचा आवाज मात्र ऐकू येत नव्हता. माझ्या कानांवर हेडफोन होते, म्हणून मला त्याचं काही वाटलं नाही. पण तो आवाज गल्लीतही कोणाला येत नव्हता. गल्लीभर मामाचाच संबळ घुमत होता, पेट्यांतून.

पारापाशी वाट उजवीकडे वळते. मामा उजवीकडे वळला. बाबा क्षणभर थांबले, त्यांची मान हलली, आणि ते डावीकडे वळले. पायऱ्यांच्या तोंडाशी ठेवलेल्या पेटीकडे. मामाचं तोंड मोठं उघडलेलं मला दिसलं, तो ओरडत असणार. मग बाबा खाली गेले. मी त्यानंतरही दोन-चार ठोके वाजवले. माझं लक्ष टिकटिकीकडे होतं.

खुबा मोडला. मुरबाडला नेलं, तिथून कल्याणला. मला कोणी एका शब्दाने बोललं नाही. कोणी म्हणालं, वय झालं होतं. कोणी म्हणालं, चक्कर आली असेल. पोरांनी उलट माझीच समजूत काढली. चार शिव्या दिल्या असत्या तर मी हलका झालो असतो.

तिसऱ्या दिवशी मी आणि मामा दवाखान्यात गेलो. बाबा पडल्या पडल्या छताकडे बघत होते. मामाला बघून म्हणाले, "तू डाव्या अंगाला कशाला हटलास रे? मी तुज्या मागं आलो."

मी मामाकडे पाहिलं. मामाने माझ्याकडे पाहिलं नाही.

"चुकलो," तो म्हणाला. "हटलो खरा."

मी तोंड उघडायला हवं होतं. बाबांच्या पायाला वजनं टांगलेली होती, मामा खाटेच्या लोखंडाला धरून उभा होता, आणि मी पिशवीतल्या मोसंब्या काढून स्टुलावर ठेवत राहिलो. माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगतो, लाज वाटते तरी सांगतो. पुढचा सगळा महिना माझ्या पार्टीच्या तारखा लागलेल्या होत्या. भाच्याच्या पेटीमुळे देवी पडली, असा बोभाटा झाला असता तर मला कोणी दारात उभं केलं नसतं. बाहेर आल्यावर मामाला म्हटलं, तू असं का सांगितलंस? तो म्हणाला, एस्टी चुकंल, चल.

त्यानंतर मामाने संबळ खुंटीला लावला. बाबा घरी आले, पण चालणं अंगणापुरतं, तेही वॉकर धरून. रोज सकाळी मामा जायचा, त्यांना उन्हात खुर्चीवर बसवायचा, दाढी करून द्यायचा. आणि कोणी भेटायला आलं की बाबा मामाकडे बोट दाखवून हसत म्हणायचे, "ह्यो माजा जोडीदार. जल्मभर पुढं चालला नि आयत्या टायमाला हटला." चेष्टाच ती. पण मामी सांगायची, तसं ऐकून आलेल्या दिवशी मामा धड जेवत नाही. हे ऐकल्यावर मला एकाही हळदीत मनापासून वाजवता आलं नाही. प्रत्येक ठोक्याला मीच त्याला उजवीकडून ओढून डावीकडे उभा करतोय, असं वाटायचं.

गेल्या महिन्यात मी पॅड आणि एक छोटी पेटी घेऊन बाबांच्या अंगणात गेलो. बाबा खुर्चीवर, मामा त्यांच्या उजव्या बाजूला ओट्यावर तूर सोलत बसलेला. मी म्हणालो, बाबा, त्या दिवशी मामा हटला नव्हता. तुम्ही माझ्या यंत्रामागे गेलात.

बाबा खो खो हसले. "मला शिकवतोस? मी जल्मभर त्याचा हात ऐकतोय. तो त्याचाच हात व्हता. यंत्राला कुठला हात?"

"ऱ्हाऊ दे रे," मामा म्हणाला. "जा घरी."

मी गेलो नाही. वायर ओढली, पेटी डाव्या बाजूला तुळशीपाशी ठेवली आणि बाबांना म्हटलं, डोळे मिटा. मग देवीची चाल वाजवली. टिकटिक लावली नाही. जमेल तशी वाजवली.

बाबांची मान डावीकडे वळली, अगदी त्या दिवशी वळली तशी. ओठांवर हसू आलं, एक पाय जमिनीवर हलला. मग त्यांनी डोळे उघडले. समोर तुळस होती आणि माझी पेटी होती. त्यांनी सावकाश उजवीकडे पाहिलं. मामा होता तिथेच होता, हातात तुरीची शेंग.



"मंग तू हो का म्हनलास?" बाबांनी विचारलं. आवाजात चेष्टा नव्हती.

"हात माजाच व्हता ना," मामा म्हणाला. "मीच त्याला काडून दिला."

बाबांनी डोळे पुसले. मग मामाच्या गुडघ्यावर थाप मारली. "जा, संबळ आन. मी हाय तिथं बसून नाचतो."

मला वाटलं, तो उठेल. मनातल्या मनात मी देवाला काय काय कबूल करून बसलो, ते आता आठवतही नाही.

मामाने शेंग सोलली, दाणे सुपात टाकले.

"आता वाजवून काय?" तो म्हणाला. "तू डोळं मिटलंस, तं तुला कसं कळंल मी कुठला नि पेटी कुठली?"