जुना क्लॅम्प

मी हवाई दलात सार्जंट होतो. काम इंजिन फिटरचं. गाव जोहे. शेवटचं पोस्टिंग दोन माणसांच्या हलक्या विमानांच्या तुकडीत होतं.

आदल्या संध्याकाळी मी एका विमानाचा पेट्रोलचा पाइप बदलला. पाइप आवळायचा क्लॅम्पही नवा लावायचा असतो. स्टोअरमध्ये नव्हता. विमान सकाळी उडायचं होतं. मी जुनाच आवळला, लॉगबुकात ‘क्लॅम्प बदलला’ असं लिहिलं आणि सही केली.

सकाळी टेस्ट फ्लाइटला स्क्वॉड्रन लीडर कर्णिक आले. ते रोह्याचे. आमच्याकडे काम केलेला फिटर अशा फ्लाइटला सोबत बसायचा. त्यांनी लॉगबुक वाचलं.

“सगळं नवीन ना, ठाकूर?”

“हो सर.”

आठ चाळीसला टेक-ऑफ. नऊ पाचला पेण मागे पडलं. खाली भात कापून झालेलं, शेतांत वाल उगवलेला. केबिनमध्ये पेट्रोलचा वास आला. इंजिन दोनदा अडखळलं आणि बंद पडलं.

“मेडे, मेडे. इंजिन बंद. पेणच्या दक्षिणेला शेतात उतरतोय. दोघं आहोत.” रेडिओवर त्यांचा आवाज रोजचाच होता. मग मला विचारलं, “क्लॅम्प?”

“जुना आहे, सर.”

त्यांनी मान वळवली नाही.

समोर लांब, सपाट शेत होतं. त्यात बायका काम करत होत्या. सरांनी डावीकडच्या आखूड शेतात विमान घातलं. चाकं नीट टेकली, पण जागा पुरली नाही. बांधावर आपटून विमान उलटलं.

मी पट्टा सोडून बाहेर रांगलो. सरांचे पाय पॅनेलखाली अडकले होते. पेट्रोल गळत होतं. बाजूच्या शेतातला म्हात्रे नावाचा शेतकरी कोयता घेऊन धावत आला. तेवढ्यात इंजिनाखाली जाळ दिसला.

“ठाकूर, त्याला मागे ने. ऑर्डर आहे.”

मी म्हात्र्याला कंबरेत धरून ओढलं.

“सोड मला. जिता हाय तो!”

“नाय जायचं.”

टाकी पेटली. सर दोनदा ओरडले. तिसऱ्यांदा नाही. मी म्हात्र्याला तोवर सोडलं नव्हतं.

चौकशीत मी खरं सांगितलं. म्हात्रे साक्षीत एवढंच म्हणाला, “मी पोचलो असतो.” कोर्टमार्शल झालं. नोकरी गेली, शिक्षा भोगली.

सुटल्यावर रोह्याला गेलो. सरांचे वडील निवृत्त शिक्षक. मी ओटीवर उभा राहून सगळं सांगितलं.

“आता माझ्याकडून काय हवंय?” त्यांनी विचारलं.

“काही नाही.”

“आत त्याचा फोटो आहे. उंबऱ्याबाहेरूनच बघा आणि जा.”

फोटोत सर युनिफॉर्ममध्ये होते. खाली लिहिलं होतं, अनिरुद्ध कर्णिक, वय छत्तीस. मी टाचा जुळवून हात कपाळाकडे नेला.

“सॅल्यूट नको,” वडील म्हणाले. “तुमचा नको.”

मी हात खाली घेतला.