अडुळसेवाली अख्तरी

लातूरच्या जुन्या बाजारात जडीबुटीचं दुकान चालवणारा जिलानी अत्तार एसटीच्या अपघातात गेला, तेव्हा त्याची बायको अख्तरी पस्तिशीची होती. पदरी मूल नव्हतं. मयताचा चाळिसावा दिवस उरकला आणि दुसऱ्याच सकाळी धाकटा दीर शारिक दुकानाच्या किल्ल्या मागायला दारात उभा राहिला.

"भाबी, बाईमाणसानं बाजारात बसणं बरं दिसत न्हाई. दोन वेळचं माझ्या घरून येईल. किल्ल्या द्या."

"अर्धं दुकान तुझं हाय, शारिक. ते कोण नाकारतंय?" अख्तरी म्हणाली. "पण उरलेलं अर्धं तुझ्या भावानं निकाहात मला कबूल केलेल्या मेहरमधलं हाय. निकाहाला गवाह होते ते अजून जित्ते आहेत, विचारून ये. आणि जेवणाचं म्हणशील तर मला हात आहेत."

त्याच दिवशी तिनं बुरखा घातला, दुकानाच्या फळ्या काढल्या आणि नवऱ्याच्या गादीवर जाऊन बसली. समोरचा कापडवाला बघत राहिला. मोहल्ल्यातल्या बायका आठवडाभर तिच्याशी बोलल्या नाहीत. अख्तरीला त्याचं फार काही वाटलं नाही. देगलूरला तिच्या बापाचंही असंच दुकान होतं. तेलुगू, कानडी, मराठी, जे गिऱ्हाईक येईल त्याच्या बोलीत बोलत ती खलबत्त्याजवळ लहानाची मोठी झाली होती. वास घेऊन पुडी ओळखायची, ही तिची शाळा.

तिचा खपाचा माल एकच, अडुळसा. शेताच्या बांधाला, कब्रस्तानाच्या भिंतीला उगवणारं हिरवंगार झुडूप. कडू इतकं की शेळीसुद्धा तोंड लावत नाही. त्याची पानं वाफवून ती रस काढायची आणि त्यात आलं, मिरी, ज्येष्ठमध घालून काढा उकळायची. दाटलेली छाती मोकळी व्हायची, कफ सुटायचा. बाजार तिला अडुळसेवाली म्हणू लागला. शारिकनं हे नाव टोमणा म्हणून काढलं होतं. तिनं ते आवडीनं घेतलं.

मग त्र्याण्णव साल आलं. सप्टेंबरच्या शेवटी, गणपती बुडवून लोक नुकते निजले होते, तेव्हा पहाटे जमीन हलली. अख्तरीच्या दुकानातल्या बरण्या फुटल्या, एवढंच. पण दिवस वर आला तशा किल्लारीकडच्या बातम्या येऊ लागल्या, आणि फुटलेल्या बरण्यांबद्दल बोलायची लाज वाटू लागली.

मशिदीतून भाकऱ्यांचा ट्रक निघाला तेव्हा अख्तरी मोठं भगोनं घेऊन ट्रकजवळ उभी राहिली. बायांना न्यायचं नाही, असं ठरलं होतं.

"मग मला उतरवा," म्हणत ती चढून बसली. उतरवायला कुणी पुढं आलं नाही.

किल्लारीजवळच्या ज्या गावात ट्रक थांबला, तिथं घर म्हणून काही उरलं नव्हतं. दगड-मातीच्या रुंद भिंती जागच्या जागी बसल्या होत्या. माणसं हातांनी माती उपसत होती आणि ती पांढरी माती सगळ्यांच्या छातीत गेली होती. जो तो खोकत होता. रडणारासुद्धा मधेच थांबून खोकायचा. अख्तरीनं तीन दगडांची चूल मांडली, विहिरीजवळच्या कुंपणातला अडुळसा ओरबाडून आणला आणि काढा चढवला. नाव-गाव न विचारता ती पेले भरत राहिली.

रांगेत सरजाबाई आली. सात महिन्यांची गरोदर. तिचं घर गेलं होतं, सासू गेली होती. खोकून खोकून ती वाकली होती. अख्तरीनं भगोन्यावर झाकण ठेवलं.

"तुला न्हाई देता येणार, माय."

मग सरजाबाईचा चुलता व्यंकटी पुढं आला. त्याच्या डोळ्यांत तीन दिवसांची झोप तुंबलेली होती. "का न्हाई? आमची बौद्धांची पोर म्हणून? सगळ्यांला वाटून राहिली, हिच्यापाशीच तुझा काढा संपला का?"

"संपला न्हाई. पोटुशीला अडुळसा देऊ नको, असं माझा बाप सांगायचा."

"का पण?"

"ते मला ठावं न्हाई."

"ठावं न्हाई तर दे!" मागून कुणीतरी ओरडलं. व्यंकटीनं भगोन्याला हात घातला. अख्तरी झाकणावर दोन्ही तळवे दाबून बसली. पत्रा तापलेला होता, तळवे भाजत होते.

"मला मारायचं तर मारा. सगळा काढा मातीत ओतते, पण हिच्या घशात जाऊ देणार न्हाई. जे उरलंय तेवढं तरी राहू द्या की रे!"

व्यंकटीचा हात खाली आला. अख्तरीनं भगोनं तिथंच सोडलं आणि सरजाबाईला धरून शेताकडेच्या डॉक्टरांच्या तंबूत नेलं. नांदेडहून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, दुसरं औषध दिलं, वाफ दिली. मग अख्तरीचे तळवे पाहून विचारलं, "हे काय झालं?" तिनं सांगितलं.

"तुमच्या वडिलांचं बरोबर होतं," बाई मलम लावत म्हणाल्या. "या पानात वॅसिसिन नावाचं द्रव्य असतं. ते श्वासाच्या नळ्या मोकळ्या करतं, पण गर्भाशयालाही आवळतं. दिवस भरायच्या आधी बाळंत व्हायची भीती असते."

"काय नाव म्हणालात?"

"वॅसिसिन."

अख्तरीनं ते नाव तिथंच घोळून घेतलं. आयुष्यभर हाताखालून गेलेल्या पानाच्या आत कुणीतरी राहतं आणि त्याला नाव आहे, याचं तिला परतीच्या वाटेवर नवल वाटत राहिलं. सरजाबाईला पत्र्याच्या शेडमध्ये, दिवस भरल्यावर मुलगी झाली. सांगायला व्यंकटी स्वतः लातूरला आला होता.

वर्षं गेली. लातूर बदललं. बारावीच्या निकालांनी गावाचं नाव झालं, आणि गल्लीगल्लीत क्लास निघाले. नांदेड, परभणी, कुठून कुठून पोरं डॉक्टर व्हायला येऊ लागली. शारिकनं घरावर दोन मजले चढवून पोरींचं वसतिगृह काढलं. एकेका खोलीत सहा सहा पोरी, खिडक्या नावाला. पोरी खोकायला लागल्या की तो त्यांना अख्तरीकडं धाडायचा. धंद्यापुरतं त्या दोघांचं जमलं होतं.

त्यातलीच एक बुद्धप्रिया. किनवटकडच्या इस्लापूरची. बाप लिंबाजी तिथं मजुरी करायचा. पोरगी पहिल्यांदा आली तेव्हा अख्तरीनं काढा दिला. काही दिवसांनी ती पुन्हा आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिच्या गालाची हाडं वर आली होती.

"संध्याकाळी अंग तापतं का गं?"

"थोडंसं. शारिकचाचा म्हणले, परीक्षा होईस्तोवर काढाच घे."

अख्तरीनं बाटली परत फळीवर ठेवली. "आता तुला काढा न्हाई. चल."

दुकान उघडं टाकून ती पोरीला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. टीबी निघाला. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि खोलीतल्या बाकी पोरींनाही तपासायला पाठवा, असं सांगितलं.

शारिक धावतच आला. "भाबी, हळू बोला. बाहेर कळलं तर उद्या वसतिगृह रिकामं होईल. हिला गुपचूप घरी पाठवतो. बाकीच्यांला तुमचा काढा द्या, बास."

"काढ्यानं छाती मोकळी होते, शारिक. टीबी मरत न्हाई. खोकला दबला तर पोरी तपासायलाच जाणार न्हाईत."

"तुम्ही काय डॉक्टर हायत का?"

"न्हाई. म्हणून तर डॉक्टराकडं न्यायचं म्हणून राहिले. तू नेतोस का मी नेऊ?"

अख्तरी जिना चढून वर गेली, दारं ठोठावली आणि पोरींना म्हणाली, "पुस्तकं ठिवा. चला माझ्या संगं." लातूरच्या भर रस्त्यानं ती पुढं आणि पोरींची रांग मागं. आणखी एकीला लागण निघाली. ती लवकर सापडली म्हणून लवकर उठली.

वसतिगृह अर्धं रिकामं झालं. शारिकनं राग दुकानावर काढला. गवंडी बोलावून दुकानाच्या मधोमध भिंत घातली आणि आपली बाजू झेरॉक्सवाल्याला भाड्यानं दिली. अख्तरीच्या वाट्याला बोळ उरला. गिऱ्हाइकाला आडवं होऊन आत यावं लागायचं. शिवाय क्लासवाल्यांनी पोरींना ताकीद दिली, अडुळसेवालीकडं जायचं नाही. तिनं गादी काढून टाकली, स्टूल घेतलं आणि त्या बोळात बसून राहिली.

गोळ्या पुऱ्या करून बुद्धप्रिया पुढच्या वर्षी परीक्षेला परत आली, तेव्हा तिला कोणतंच वसतिगृह घेईना. लिंबाजी पोरीची ट्रंक घेऊन बोळाच्या तोंडाशी उभा राहिला.

"आपा, रिपोर्ट साफ हाय. दाखवला. तरी न्हाई म्हणतेत. आम्ही माघारी जातो. तुमची भेट घ्यावी म्हणून आलो."

"ट्रंक आत ठिवा."

"कुठं?"

"माझ्या घरी. एकटीचं घर हाय, दोघींचं होईल."

लिंबाजी घुटमळला. "लोक बोलतील, आपा. तुमचेबी आन् आमचेबी."

"बोलू द्या. मी दुकानात बसले तवापासून बोलून राहिलेत, अजून दमले न्हाईत. पोरगी मटण खाते का, तेवढं सांगा."

"खाते की," बुद्धप्रियाच म्हणाली, आणि लिंबाजीला त्या दिवसातलं पहिलं हसू आलं.

बोलायला खरंच आले. आधी मोहल्ल्यातली चार माणसं, मग शारिक. अख्तरीनं सगळ्यांना चहा पाजला आणि सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "परीक्षा झाली की जाईल." आतल्या खोलीत पोरगी मोठ्यानं रसायनशास्त्र वाचत होती. तिनं आवाज कमी केला, तर अख्तरी आतल्या दाराकडं वळून ओरडली, "मोठ्यानं वाच! ह्यांलाबी कळू दे काहीतरी."

डॉक्टरकीला बुद्धप्रियाचे मार्क कमी पडले. दोन दिवस ती तोंड पांघरून पडली, तिसऱ्या दिवशी उठली आणि नांदेडला फार्मसीला गेली. दिवाळीच्या सुट्टीत आली तेव्हा तिनं फळीवरच्या बाटल्या पाहिल्या आणि म्हणाली, "आपा, गरोदर बाईनं घेऊ नये, असं बाटलीवर लिहायला पाहिजे. आणि पंधरा दिवसांपेक्षा जास्त खोकला असेल तर दवाखान्यात जावं, हेपण."

"मग गिऱ्हाईक कमी होईल."

"होईल."

"लिही," अख्तरी म्हणाली. "मोठ्या अक्षरात लिही."