मोटार सुमननं बांधली

पंखा हळू फिरत होता. अकोल्याच्या दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या सुमननं वर पाहिलं अन् म्हणाली, "व्होल्टेज पडलं वाटते." एवढंच. थोड्या वेळानं नर्सबाई व्हरांड्यात येऊन विचारू लागली, "पेशंटसोबत कोण आहे?" मी उठलो तेव्हाच समजलो... परतवाड्याला घरी आणली, तर आयाबाया म्हणतात, "सवाष्ण गेली, भाग्याची!" कशाचं भाग्य? श्वासासाठी तडफडून मेली माझी बायको. त्यावर चौकात पोरांनी फ्लेक्स लावला, 'सुप्रसिद्ध मोटार वाइंडर पुंडलिकभाऊ यांच्या धर्मपत्नी'. माझं नाव तिच्या नावाहून मोठं. दीडेक महिना झाला, राग उतरत नाही. म्हणून लिहितो. चौथी शिकलेला माणूस आहे, चुकलं तर चुकलं.

मोटार वाइंडर मी नव्हतो, ती होती. शहरात, राजापेठेत तिच्या मामाचं मोटारी बांधायचं, म्हणजे विहिरीवरच्या पंपाच्या जळालेल्या मोटारीत नवी तार भरायचं दुकान होतं, तिथं ती परकरात असल्यापासून शिकली. लग्नानंतर आम्ही परतवाड्यात दुकान टाकलं, त्यात माझं काम जळकी तार ओढून काढायची, वार्निश मारायचं, बेअरिंग बदलायची अन् मोटार उचलून रिक्षात ठेवायची. पाटीवर तिचं नाव टाक म्हटलं तर पेंटर हसला. "बाईच्या दुकानात मोटार कोन आनन, भाऊ?" अन् माझंच नाव रंगवून गेला.

नवी तार भरून झाली की मोटार बंद करायच्या आधी ती ट्रॅक्टरची बॅटरी जोडायची. बारा व्होल्टाची. मधात अँपिअरचं मीटर. काटा चारावर थांबला की मोठ्यानं म्हणायची, "बारा भागिले चार, तीन ओहम." मोटारीत तीन वाइंडिंग, तिन्हींचा जबाब सारखा यायला पाहिजे. एखादीत काटा पुढं सरकला म्हणजे करंटला अडथळा कमी पडला, म्हणजे आत कुठंतरी तारेला तार चिकटली. मग सगळं उसवायचं अन् पुन्हा भरायचं. मी वैतागायचो. "अवं, कोन पाह्यते आतमंदी?"

"करंट पाह्यते," म्हणायची.

ती वर्षं वाईट होती. पेपर उघडला की कोणत्या ना कोणत्या गावात कर्जापायी शेतकऱ्यानं जीव दिलेला. लाइन यायची ती अवेळी, अन् आली की सारे शेतकरी एकदमच बटन दाबायचे. व्होल्टेज पार खाली. अशात वामनबापू ट्रॉलीत मोटार घेऊन आले. संत्र्याचा मोठा बगीचा, बाजारात शब्दाला वजन. भरल्या गिऱ्हाइकांत ओरडले, "भट्टीसारखी तापते! बाईच्या हातची वाइंडिंग, अजून काय होईन?" हा बोल बाजारात पसरला असता तर आमचं दुकान संपलं होतं.

सुमननं बॅटरी जोडली. तीन, तीन, तीन. मग विचारलं, "बापू, फ्यूजात काय बांधलं?"

"कुंपनाची तार. तुमची बारीक तार घडीघडी उडते."

"उडनं हेच तिचं काम हाय. पावर म्हंजे व्होल्ट गुनिले अँपिअर. पानी तर तेवढंच ओढाचं हाय ना? मंग व्होल्ट कमी भेटला का मोटार अँपिअर जादा घेते. घरात दोघं कमावते, एक बसला तं दुसऱ्याची कंबर मोडते, तसं. बारीक तार उडून मोटार वाचवते. तुमी तिलेच हाकलून देल्लं."

बापूंनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडं वळले. "पुंडलिकभाऊ, तुमी सांगा, खरं काय?"

"मले काय इचारता? मले भागाकार येत नाही. इले इचारा!"

लोक हसले. बापू मोटार घेऊन तणतणत गेले, कुंपणाची तार तशीच ठेवली अन् त्याच आठवड्यात मोटार जाळली. बगीच्याला पाणी नाही, आंबिया बहाराची कोवळी संत्री झाडाखाली गळून पडली. बाजारात काय सांगितलं? बाईनं जाळली! कितीक गिऱ्हाइकं अचलपूरला पळाली. मी शिव्या देत बसलो, तर ही म्हणते, "झाडाईचं काय चुकलं हो?" ...पुढं बापूच परत आले. दुसऱ्यांच्या मोटारी टिकेनात. आले, पण बोलले माझ्याशीच. हिशेब माझ्याशी, रामराम मला.

तेरवीनंतर बापू पुन्हा आले, बेअरिंग वाजणारी मोटार घेऊन. टोपी काढून बसले. "वहिनी गेल्या, वाईट झालं. पन तुमचा हात हाये ना भाऊ. तुमी बांधलेली ही मोटार पाहा, कितीक वर्ष झाले, काही नाही झालं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बॅटरी ओढली, तारा जोडल्या. काटा चारावर.

"करा भागाकार."

"मी कायले?"

"करा."

"बारा भागिले चार... तीन."

दुसरी जोडली. तीन. तिसरी. तीन.

"कोनं बांधली?"

बापू टोपीकडं पाहत हळूच म्हणाले, "वहिनीनं."

"मोठ्यानं म्हना. तवा बाजारात ओरडले होते ना?"

म्हणाले. रस्त्यावरच्या पानवाल्यानं मान वर करून पाहिलं, इतकं मोठ्यानं म्हणाले. मग मी बेअरिंग बदलून दिली.

या मुलखात विहिरीविहिरीवर तिच्या मोटारी अजून चालून राहिल्या. मी बांधल्या असं ज्याला वाटत असेल त्यानं आपली मोटार घेऊन दुकानात यावं. बॅटरी तिच्या बाकावरच आहे. मी ती चार्ज करून ठेवतो.