मधली जागा

कारवीच्या दाट रानातून एका रांगेत चालताना मला समोरच्या सॅकला बांधलेला स्टीलचा मग तेवढा दिसत होता. निघतानाच मोहिमेच्या प्रमुखांनी बजावले होते, "तू अगदी मधे चाल. पुढे-मागे आम्ही आहोतच."

मी प्राणिशास्त्र शिकले आहे. रात्री वाटेवरून गेलेल्या जनावरांचे ताजे ठसे पाहावेत, म्हणून आले होते. परंतु माझ्यापर्यंत पोचेतो प्रत्येक ठसा पुढच्यांच्या बुटांखाली मोडलेला असे.

"सर, थोडा वेळ मी पुढे चालू?"

"अगं, एखादं जनावर आडवं आलं म्हणजे?"

"त्याच्यासाठीच तर आलेय ना!"

सगळे हसले. समोरचा स्टीलचा मग पुन्हा डोलू लागला.

अस्पर्श वाटेची ओढ आपल्याला रानात नेते म्हणतात. ती वाट माझ्या वाट्याला नेहमी वापरून झाल्यावरच का यावी?

दुपारी वाट कड्यापाशी संपली. वळायला जागा नव्हती, म्हणून सर्वांनी जागच्या जागीच पाठ फिरवली. शेवटचा पहिला झाला, प्रमुख शेवटचे झाले. अख्खी रांग उलटली. बदलली नाही ती फक्त मधली जागा.

माझ्यासमोर आता दुसऱ्या कुणाची तरी सॅक होती.