मेंदीआडची न्हाणी

माझी मावशी गोजरबाई जागेपणी स्वप्नं बघायची. भाकरी थापताना, शेण गोळा करताना, कापूस वेचताना तिचे हात चालू असायचे आणि ती स्वतः दुसरीकडेच कुठेतरी गेलेली असायची. भाकरी करपायची, सासू ओरडायची, मग ती परत यायची, आणि येताना चेहऱ्यावर हसू घेऊन यायची. लहानपणी मला या बाईचा राग यायचा. एका हाकेत ओ देणं तिला माहीतच नव्हतं. पुढे मी मोठी झाल्यावर ती कुठे जायची ते तिनं मला सांगितलं आणि माझा राग पार विरघळला. ती फार लांब जात नव्हती. घराच्या मागच्या दारातून बाहेर पडायची आणि न्हाणीच्या दगडावर उन्हात न्हायला बसायची. बस, एवढंच.

आता याला कुणी स्वप्न म्हणतं का, असं तुम्हाला वाटेल. पण ज्यानं जवळा बाजार या गावातलं उकंडरावांचं, म्हणजे माझ्या मावसोबांचं घर पाहिलंय त्याला असं वाटणार नाही. घर धाब्याचं, लहानसं, गावाच्या अगदी कडेला. पुढचं दार बोळात उघडायचं आणि मागचं परस थेट गाडीवाटेला लागून. बाजाराच्या दिवशी त्या वाटेनं बैलगाड्यांची रीघ लागायची, शिवरात्रीला औंढ्याच्या जत्रेची माणसं जायची, आणि एरवी गुराखी होतेच. न्हाणी म्हणजे एक सपाट काळा दगड आणि शेजारी पाण्याचा रांजण. आडोशाला दर साल बाभळीच्या फांद्या रोवायच्या. त्यातून आरपार दिसायचं, आणि थंडी पडली की सासू त्या उपसून चुलीत घालायची.

म्हणून त्या घरातल्या बायका उजाडायच्या आत न्हायच्या. अंगावरचं लुगडं तसंच ठेवून चार तांबे ओतायचे आणि काकडत आत पळायचं. डोक्यावरून न्हाणं झालं की केस ओलेच बांधायचे, ते संध्याकाळपर्यंत आतून गार राहायचे. मावशी आमच्या डोंगरकडा गावची. तिथे मोट चालू असली की पोरी भर दुपारी पाटात डुंबत बसायच्या. तिथून लग्न करून ती या अंधारात आली. ती मला म्हणायची, "अर्ध्या भाकरीवर राह्यले तवा काई वाटलं न्हाई बग मला. पर उन्हाची लई आठवण यायची."

एकदा तिनं धीर करून नवऱ्यापाशी विषय काढला. मातीची भिंत घालायची सोय नव्हती, पावसाळ्यात परसाचं तळं व्हायचं, भिंत पहिल्याच साली बसली असती. तेव्हा चांगलं दाट कुंपण करून द्या, एवढंच तिचं म्हणणं.

"कुंपण ढोरासाठी असतंय," उकंडराव म्हणाले. "आपल्या परसात ढोराला खायला हाय काय?"

"ढोरांचं न्हाई. मानसं बगतेत."

"बगू दे की. बगून काय नेऊन राह्यलेत?"

यावरचं उत्तर मला सुचतं, पण मी तिथे नव्हते.

उकंडराव तरी साधे होते. खरी भिंत होती ती सासू, रुख्मिणीबाई. उंच, सडसडीत बाई, नाकाचा शेंडा कायम वर. तिनं सुनेचं बोलणं ओसरीवरून ऐकलं आणि तिथूनच फटकारलं, "आमी अंधारात न्हाऊन म्हाताऱ्या झालो, आमचं काय झडलं काय? हिलाच काहून आडोसा पायजे? एवढं काय लपवून राह्यली?" हे बोलणं मग पाणवठ्यावर गेलं, तिथून गावभर झालं. न्हाण्यासाठी कुंपण मागणारी सून म्हणून मावशीचं नाव झालं.

त्या साली ज्येष्ठात ती माहेरी आली होती. आमच्या गावात एका बागाईतदाराची संत्र्यांची बाग होती आणि बागेला चहूकडून मेंदीचं कुंपण. मावशीनं ते लहानपणापासून पाहिलेलं, पण त्या दिवशी ती त्याच्यासमोर उभी राहिली ती राहिलीच. आतला माळी बोलत होता, त्याचा शब्द न् शब्द ऐकू येत होता आणि माणूस काही दिसत नव्हता. शेळ्या शेजारून चालल्या होत्या, एकीनंही तोंड लावलं नाही. मावशी म्हणायची, "मला तिथंच माजी खोली दिसली. हिरव्या भिंतीची, वर धाबं नसलेली." माळी छाटणी करत होता. छाटलेल्या फांद्या फेकूनच द्यायच्या होत्या. तिनं त्यातल्या करंगळीएवढ्या जाड काड्या निवडल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि सासरी परत जाताना गाडीत मांडीवर घेऊन बसली, लेकरू घ्यावं तशी.

मृगाच्या तोंडावर तिनं त्या लावल्या. परसाच्या कडेनं दोन ओळी, एका ओळीच्या फटीत दुसऱ्या ओळीतली काडी, सगळ्या जरा तिरप्या. भांडी घासलेलं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, जे हाती लागेल ते तिथे जायचं. काही काड्या वाळल्या, बऱ्याच फुटल्या. पहिलं पान दिसलं त्या दिवशी भाकरी करपली असणार, यात मला शंका नाही.

आणि इथेच तिचं चुकलं. जीव लावलेल्या वस्तूला हात लावू द्यायचा नाही, ही तिची समजूत. तिनं मेंदीचं एक पान कुणाला खुडू दिलं नाही. मेंदी सरळसोट वर गेली. दोन पावसाळ्यांत ती तिच्या डोक्याला लागली, पण वरतीच काय तो झुपका, खाली नुसत्या काठ्या. उभ्या माणसाला आडोसा झाला. पण न्हाताना बाई उभी राहते का? ती दगडावर बसते, आणि बसलेल्या बाईच्या उंचीला कुंपण अगदी मोकळं होतं. एका बाजाराच्या दिवशी तिनं दगडावर बसून पाहिलं तर गाड्यांची चाकं, बैलांचे पाय आणि खाली वाकून तंबाखू मळणारा एक अख्खा माणूस तिला स्वच्छ दिसला. ती उठली आणि घरात गेली. ती त्या दिवशी रडली, असं तिनंच मला सांगितलं.

पुढची नागपंचमी आली. आमच्याकडे पंचमीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, हात रंगवतात. आणि मेंदीचा पाला मागायला आलेल्या माहेरवाशिणीला कुणी नाही म्हणत नाही. लेकीला रिकाम्या हातानं पाठवणं म्हणजे घराला बोल. रुख्मिणीबाईला हे पक्कं ठाऊक होतं. ती बोळाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली आणि गावातल्या पोरींना हाका मारमारून घेऊन आली.

"या गं बायांनो. पानं काय खुडत बसता, फांद्याच न्या की. गोजर, इळा दे त्यांला."

मावशीनं विळा आणून दिला. दुसरं करणार काय? पोरी हसत, गाणी म्हणत तुटून पडल्या. दुपारपर्यंत कुंपण गुडघ्याएवढं उरलं. त्यातलीच एक पोर मोठ्या प्रेमानं वाटलेली मेंदी घेऊन आली आणि मावशीच्या तळहातावर ठिपका देऊन गेली. तो इतका लाल रंगला की चार बायकांनी कौतुक केलं. मावशी तो हात पदराखाली घेऊन फिरायची. सासूवर तिचा राग होता, पोरींवर होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर होता, असलं खुळं मनात धरलं म्हणून.

पण श्रावणातला पाऊस लागून राहिला. जिथे विळ्याचा घाव बसला होता तिथे एकाच्या जागी तीन-तीन, चार-चार फुटवे आले, खालच्या उघड्या काठ्यांनाही आले. आडवे, तिरपे, एकमेकांत घुसलेले. दसऱ्याला गुडघ्यापर्यंत मेंदी अशी दाट झाली होती की शेजारची कोंबडी आत शिरायला बघायची आणि परत फिरायची. मावशी उकिडवी बसून बुडाशी हात घालून पाहायची. हात पलीकडे जात नव्हता. कुंपण वरून वाढवायचं नसतं, आधी खालून भरू द्यायचं असतं, हे तिला तेव्हा कळलं, आणि कळलं ते सासूच्या कृपेनं.

पुढच्या पंचमीला रुख्मिणीबाई दारापर्यंत जायच्या आत मावशीच बोळात उभी. "या गं, समद्या या! नुसते शेंडे खुडू नका, चांगलं बराबर कापा." दोन विळे तिनं आदल्या दिवशीच पाजळून ठेवले होते. सासूला काही समजेना. आपण बोलावलं तर सुनेचं तोंड उतरतं आणि आता ही स्वतःच बोलावतेय, यात काहीतरी काळंबेरं आहे एवढंच तिला वाटलं. ती ओसरीवर बसून नुसती बघत राहिली. दर साली पोरी कापायच्या, दर साली मावशी त्यांना वीतभर वर कापायला सांगायची, आणि असं करत करत हिरवी भिंत बुडापासून भरत पार डोक्याच्या वर चढली. गावच्या लेकींनी तिचं कुंपण घडवलं आणि एकीलाही ते माहीत नव्हतं.

लांब परदेशात मोठी लढाई सुरू झाली त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. कापसाची वेचणी चालू होती, उकंडराव शेतात, सासू ओसरीवर लवंडलेली. मावशीनं भर दुपारी पाणी तापवलं, रिठे भिजवले, मागचं दार ओढून घेतलं आणि दगडावर बसली. वाटेनं दोन गाड्या गेल्या. गाडीवाले सरकीचा भाव बोलत होते. त्यांचे आवाज तिच्या इतक्या जवळून गेले की तिनं श्वास रोखला, पण मेंदीचं एक पानसुद्धा बाजूला झालं नाही. मग तिनं केस सोडले. पाण्याचा थेंब दंडावर थांबला तर त्यात ऊन दिसत होतं, असं ती सांगायची. दगड कोमट होता. उशिरा आलेल्या मेंदीच्या मोहोराचा वास होता. आपण इथे किती वेळ बसलो हे तिला कधीच सांगता आलं नाही, आणि मीही विचारलं नाही. एवढं मात्र खरं की त्या दिवशी ती कुठेही गेलेली नव्हती, होती तिथेच होती.

केस वाळवून आत आली तर रुख्मिणीबाई समोर. मोकळे केस बघून सगळं तिच्या ध्यानात आलं. मावशीनं मान खाली घातली, आता आकाशपाताळ एक होणार म्हणून. पण सासू वळली आणि ओसरीवर जाऊन बसली. पुढे बरेच दिवस मावशी न्हाऊन आली की म्हातारी तोंड फिरवून बसायची, आणि मावशीला त्याचीच भीती वाटायला लागली.

मग एके दिवशी दुपारी मावशी रिठे भिजवत होती तेव्हा म्हातारी मागच्या दारात येऊन उभी राहिली. हातात घडी केलेलं धुतलं लुगडं.

"पानी तापलंय का?" तिनं विचारलं.

"तापलंय, आत्याबाई."

"कोन येऊन राह्यलंय का बग वाटंनं."

"आलं तरी दिसत न्हाई."

म्हातारी दगडावर बसली. मावशी पाणी घालू लागली. आधी ती लुगडं गच्च आवळून होती, मान वळवून वळवून चहूकडची मेंदी बघत होती. एक गाडी आली, खडखडत गेली. ती गेल्यावर म्हातारीनं हळूच पदर सोडला आणि पाठ मोकळी केली. चेहरा आणि हात रापून काळे झालेले, पण पाठ कधी ऊन न पाहिलेली, लहान पोरीसारखी.

"गोजर," ती म्हणाली. आवाज ओळखू येईना इतका बारीक. "माझ्या पाठीवर तीळ हाय का गं? डाव्या अंगाला. माय न्हाऊ घालायची तवा म्हनायची, हितं तीळ हाय माझ्या लेकराला. मग लगीन झालं, मी हिकडं आले. आपली पाठ आपल्याला दिसत न्हाई, आन् दुसऱ्या कुनी उजेडात बगितलीच न्हाई. कुनाला इचारावं?"

मावशी वाकली. ओल्या पाठीवर, डाव्या खांद्याच्या खाली, जवसाच्या दाण्याएवढा तीळ होता.

"हाय, आत्याबाई."

"नीट बगितलास?"

"बगितला. हाय."

म्हातारीनं हात मागे नेला, पण तो तिथपर्यंत पोचेना. मावशीनं तिचं बोट धरलं आणि तिळावर नेऊन ठेवलं.

"मायला बराबर ठावं होतं," रुख्मिणीबाई म्हणाली, आणि दगडावर बसल्या बसल्या हुंदके देऊन रडायला लागली.