मिठाच्या पाण्याला टायफॉइड

मे महिन्यात अकोल्याचा माणूस कुठेही गेला तरी त्याला गारच वाटतं. म्हणून एकोणऐंशी सालच्या सुट्टीत मी भोसरीला जातो म्हणालो, तेव्हा घरच्यांनी उन्हाची काळजी केली नाही, माझ्या डोक्याची केली. लोक सुट्टीत महाबळेश्वरला जातात आणि तुम्ही नट-बोल्टचे कारखाने बघायला निघालात, असं सौ. म्हणाल्या. कारखाने नव्हे, शालिनीची प्रयोगशाळा बघायला चाललोय, असं सांगून मी वळकटी बांधली.

शालिनी माझी जुनी विद्यार्थिनी. मी शाळेत जीवशास्त्र शिकवतो, आणि बेडूक चिरताना जिचा हात थरथरला नाही अशी ती एकटीच मला आठवते. पुढे ती मुंबईला जंतुशास्त्र शिकली आणि आता भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात टायफॉइडची झटपट तपासणी तयार करत होती. सकाळी रक्त घेतलं की दुपारच्या जेवणाआधी उत्तर. 'सर, एकदा येऊन बघा,' असं तिने पत्रात लिहिलं होतं. मला नसत्या चौकशांची खोड आहे. तिने बोलावलं नसतं तरी मी गेलोच असतो.

पुण्याला उतरून मी लोणावळ्याकडे जाणारी लोकल धरली आणि कासारवाडीला उतरलो. स्टेशन एवढंसं, पण शिफ्ट सुटली होती आणि फलाटावर डबेवाल्या पिशव्या घेतलेले लोकच लोक. भोसरीच्या बसमध्ये शेजारच्या गृहस्थांनी माझी वळकटी बघून विचारलं, "कुठल्या कंपनीत लागला, राव?" (इथले पुरुष एकमेकांना, ओळख असो-नसो, राव म्हणतात.) मी कुठल्याच कंपनीत लागलो नाही, सहज बघायला आलोय, असं सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मग आपल्या गावाकडच्या पाण्याविषयी बोलू लागले. ते उस्मानाबादकडचे होते. बसमधले निम्मे लोक असेच कुठून कुठून आलेले निघाले.

शालिनीच्या गाळ्याच्या एका बाजूला लेथ, दुसऱ्या बाजूला पत्रा कापायचा प्रेस. प्रेस आपटला की टेबलावरच्या काचेच्या नळ्या किणकिणायच्या. म्हणून टेबलाच्या चारी पायांखाली जुन्या टायरचे तुकडे घातले होते. ही युक्ती मोनेकाकांची. हे मोनेकाका पिंपरीच्या एका औषध कारखान्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर जंतू वाढवले, आता ते मारून बाटलीत भरतो, असं त्यांनी स्वतःची ओळख करून देताना सांगितलं. बोलणं कमी, नजर घड्याळावर.

तपासणी मी स्वतः करून पाहिली. गोठलेल्या रक्तावर जे पिवळसर पाणी सुटतं त्याचा एक थेंब काचेवर घ्यायचा. त्यात मेलेल्या, निळ्या रंगवलेल्या टायफॉइडच्या जंतूंचा एक थेंब घालायचा. आगकाडीने ढवळायचं आणि काच एक मिनिट हलकेच डोलवायची. रक्ताने टायफॉइडशी झुंज घेतली असेल तर दूध नासावं तसे त्या निळ्यात कण फुटतात. नसेल तर निळं गुळगुळीत राहतं. जुन्या पद्धतीत हेच नळ्यांमध्ये, कोमट पाण्यात रात्रभर ठेवावं लागतं. माझ्या काचेवर कण फुटले तेव्हा मी लहान पोरासारखा हरखलो आणि काच डोलवतच राहिलो. मोनेकाकांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. एका मिनिटानंतर काचेवर जे दिसतं ते आपलं नव्हे, असं त्यांचं म्हणणं पडलं.

दोन दिवसांनी या तपासणीची परीक्षाच होती. जवळच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये काही कामगारांना टायफॉइड झाला होता आणि मॅनेजरने कॅन्टीनमधल्या चारही माणसांचं रक्त तपासून मागितलं होतं. तिथे जमलं तर वसाहतीतल्या बाकीच्या कंपन्या येतील. नाही जमलं तर गाळा सोडावा लागेल, हे शालिनीने मला चहा गाळता गाळता सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही महाळुंग्याला गेलो. चाकणपर्यंत एस.टी., पुढे कांद्याच्या रिकाम्या टेम्पोत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी-तांबूस शेतं आणि जागोजागी बराखी (कांदा साठवायची हवेशीर खोपटी). गावात तापाची साथ होती. शाळेच्या खोलीत शालिनीने मांडामांड केली, रक्त घेतलं, आणि ते फिरवायचं हातयंत्र माझ्याकडे दिलं. दहा मिनिटांत माझा खांदा भरून आला. मग तिने खोलीच्या खिडक्या आणि दार लावून घेतलं. आत चांगलंच उकडू लागलं आणि लोक कुरकुरले.

"बाई, वाईच वारं तरी येऊ द्या," एक म्हातारबाबा म्हणाले.

"वारंच नको, बाबा. थेंब कडेनं सुकला की त्यात खोटे कण दिसतात. मग ताप नसलेल्यालाही टायफॉइड निघेल."

बाबांना ते पटलं. त्यांची म्हातारी आठ दिवस तापाने पडून होती. तिच्या थेंबात कण फुटले. नुसत्या कणांवर जाऊ नका, डॉक्टरांना दाखवा, असं शालिनीने बजावलं आणि चिठ्ठी लिहून दिली. दुपारीच बैलगाडी जुंपून म्हातारीला चाकणच्या दवाखान्यात नेलं. उद्या या असं सांगितलं असतं तर नेली असती का, असं मी बाबांना विचारलं. "न्हाई," ते सरळ म्हणाले. "उद्या आमी कांदा भरनार हाय."

जेवायला त्यांच्याच घरी पिठलं (आपलं बेसन), बाजरीची भाकरी आणि बुक्कीने फोडलेला कांदा. पिठलं इतकं तिखट होतं की वऱ्हाडी माणूस असूनही मी दोनदा पाणी मागितलं.

तिसऱ्या दिवशी वर्कशॉप. रक्त सकाळीच घेतलं होतं. तपासणी मॅनेजरच्या केबिनमध्ये, त्यांच्या टेबलावर चालू होती. मी मात्र बाहेर लेथवरच्या एका कामगाराला गाठलं होतं. लोखंडाच्या सालीचं वेटोळं निळं का पडतं, हे त्याने मला समजावून सांगितलं. त्यात माझा बराच वेळ गेला. मी आत गेलो तेव्हा तिघांची तपासणी होऊन गेली होती आणि तिघंही निर्दोष निघाले होते. मॅनेजर मला बघून उठलेच. बाईंचे गुरुजी, अकोल्याहून आलेत, म्हणून त्यांनी स्वतःची खुर्ची मला दिली आणि छताचा पंखा जोरात लावला. मला काही उकडत नव्हतं. पण एवढा मान कुणाला नको असतो? मी ऐसपैस बसलो. शालिनीने एकदा वर पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चौथा थेंब काचेवर टाकला.

कण फुटले.

चौथं रक्त होतं सुभद्राबाईंचं. चाळिशीच्या, कॅन्टीनमध्ये भाजी-आमटी त्यांच्याच हातची. नवरा याच पट्ट्यातल्या एका कंपनीत कामाला होता, तो गेल्यावर त्या इथे लागल्या होत्या. नक्की काय ते उद्या नळीच्या तपासणीत कळेल, असं शालिनी म्हणत होती, पण मॅनेजरने ऐकून घेतलं नाही. त्यांनी दिलेला निरोप घेऊन सुपरवायझर गेला आणि जेवायला बसलेल्या पन्नास-साठ माणसांपुढे सांगून मोकळा झाला, की सुभद्राबाईंना टायफॉइड निघालाय, त्यांना कामावरून कमी केलंय.

पाच मिनिटांत सुभद्राबाई केबिनच्या दारात उभ्या राहिल्या. हाताला पीठ तसंच होतं.

"आमी बौद्ध. पहिल्यांदा हितले काही जण माझ्या हातचं खात नव्हते," त्या शालिनीला म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "डबे घेऊन बाहेर बसायचे. ते जायला दीड वर्ष लागलं, बाई. आता तुमी रक्तातच खोट हाय म्हणता. आता कोन खाईल?"

मॅनेजर कागद चाळू लागले. मला तिथून उठून जावंसं वाटलं. शालिनी सुभद्राबाईंकडे बघत राहिली, मग तिने बाटलीतून मिठाच्या पाण्याचा एक थेंब काचेवर घेतला. रक्त नाही, काही नाही, नुसतं मीठ-पाणी. त्यात निळा थेंब घातला, ढवळलं आणि मिनिटभर डोलवलं. थेंबाच्या कडेला बारीक कण दिसू लागले.

"मिठाच्या पाण्याला टायफॉइड झालाय," ती म्हणाली.

ती उठली आणि तिने पंखा बंद केला. पाती थांबेपर्यंत सगळे वर बघत होते. मग पुन्हा मीठ-पाणी: गुळगुळीत. पुन्हा सुभद्राबाईंचं रक्त: गुळगुळीत. तिसऱ्यांदाही तेच. हातात घड्याळ धरून मिनिट मोजायचं काम माझ्याकडे होतं.

मॅनेजर माणूस वाईट नव्हता. झालं गेलं विसरा, उद्यापासून या कामावर, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. सुभद्राबाई हलल्या नाहीत.

"सगळ्यांपुढं सांगितलंय. सगळ्यांपुढं माघारी घ्या."

तुमचं म्हणणं बरोबर आहे, असं शालिनी म्हणाली. नळीची तपासणी रात्रभर लावते आणि उद्या जेवणाच्या सुट्टीत मीच येऊन सांगते, असा शब्द तिने दिला.

गाळ्याकडे चालत येताना मी तिला विचारलं, की महाळुंग्याला तू खिडकीची फटसुद्धा उघडू दिली नाहीस, मग इथे का गप्प बसलीस? तिने नळ्यांची पेटी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाली, "पंखा तुमच्यासाठी लावला होता, सर. बंद करा म्हणायला जीभच उचलली नाही."

आम्ही उसाचा रस प्यायलो आणि तिने मला अकोल्यातल्या जुन्या शिक्षकांची खुशाली विचारली.

सकाळी मोनेकाकांनी नळ्या उजेडात धरल्या. सुभद्राबाईंची नळी स्वच्छ होती. दुपारी आम्ही कॅन्टीनमध्ये गेलो. सुभद्राबाई भाजीच्या पातेल्यामागे उभ्या होत्या, पण ताटं घेऊन पुढे कुणी येत नव्हतं. शालिनी बाकावर चढली. या बाईंच्या रक्तात कसलाही दोष नाही, काल चूक माझी झाली, पंखा चालू असताना मी थेंब वाचला, असं तिने खणखणीत आवाजात सांगितलं. पंखा कुणासाठी लावला होता, ते तिने सांगितलं नाही. आपली तपासणी कशी फसते हे तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं आणि मॅनेजर दाराशी उभे राहून ऐकत होते.

मी पहिल्या बाकावर बसलो होतो. उठून दोन शब्द बोलायला मला कुणी अडवलं नव्हतं. मी रिकाम्या ताटाकडे बघत राहिलो.

काल ज्याने मला लोखंडाची साल दाखवली होती, तो लेथवाला आधी उठला. "वाढा, मावशी. शिफ्ट चुकंल," एवढंच म्हणाला. मग रांग लागली. वाटाण्याचं कालवण (आपल्याकडचा रस्सा) मीही दोनदा घेतलं. दोघे जण मात्र डबे घेऊन बाहेर गेले. ते पुढे आत आले की नाही, मला माहीत नाही. पंधरा दिवसांनी शालिनीचं पत्र आलं: बाकीच्या कंपन्यांकडून अजून काही कळलं नाही, पण त्याच मॅनेजरने नव्या कामगारांची तपासणी तिच्याकडे दिली होती. बाटलीबरोबर द्यायच्या कागदावर मोनेकाकांनी पहिलीच ओळ घातली होती, 'प्रथम मिठाचे पाणी तपासावे.'

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसलो होतो. एरवी मी शेजाऱ्यांना प्रश्न विचारून हैराण करतो. त्या दिवशी भुसावळपर्यंत कुणाशी बोललो नाही. मला सारखी शालिनी दिसत होती, दहावीतली, पहिल्या बाकावरची. माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते, याचा मला वीस वर्षं अभिमान होता. सुभद्राबाईंची भाकरी जाता जाता राहिली ती माझ्या त्या वर्गातल्या शांततेमुळे, असं माझं मत झालं आहे, आणि कॅन्टीनमध्ये जे बोलायला हवं होतं ते आज इथे सगळ्यांपुढे लिहीत आहे.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या तासाला मी दहावीच्या वर्गाला म्हणालो, "शिकवताना माझं काही चुकलं तर मला तिथल्या तिथे कोण सांगेल? हात वर करा."

साठ मुलं-मुली माझ्याकडे बघत होती. एकही हात वर आला नाही.