निम्म्याने लहान निघालेला गोळा

वेधशाळेत सगळे तिला मोजणीबाई म्हणायचे. नेपच्यूनच्याही पलीकडे फिरणाऱ्या बर्फाळ गोळ्यांचे रंग आणि आकार मोजायचे, हे तिचं काम. नवरा गेल्यापासून ती थोरल्या बहिणीकडे राहायची. तिला एक नवा, भलामोठा गोळा सापडला, तेव्हा अक्काने जिन्यात भेटेल त्याला अडवून ती बातमी सांगितली होती.

एका दुपारी नवा सहकारी तिच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसला. बराच वेळ चष्माच पुसत राहिला.

"बाई, तुमच्या गोळ्याची ऊब मोजली. फारच कमी आहे."

"म्हणजे?"

"गोळा निम्माच असावा. फार तर."

एवढ्या लांबून गोळा दिसतो तो नुसता ठिपका. तेवढाच उजेड मोठ्या, काळपट गोळ्याचाही असू शकतो आणि लहान, पांढऱ्याशुभ्र गोळ्याचाही; पण मोठ्या, काळपट गोळ्याची ऊब जास्त भरते. बहुतेक काळपटच असतात, म्हणून तिने हाही तसाच धरला होता. आठवडाभर तिने त्या पोराचे आकडे उलटसुलट तपासले, कुठेतरी चूक सापडावी म्हणून. सापडली नाही.

"आता मी लोकांना काय तोंड दाखवू?" घरी हे कळल्यावर अक्का म्हणाली.

"तू कशाला? माप माझं चुकलं."

"अगं, पण गावभर सांगत सुटले ती मीच ना." मग तिचा चेहरा बघून अक्काचा आवाज उतरला. "दुपारी जेवलीस का?"

ती जेवली नव्हती. अक्काने ताट वाढलं.

दोन घास पोटात गेल्यावर तिला रंगाचं आठवलं. किरणांचा मारा सोसून जुनं बर्फ तांबूस होतं. या गोळ्यावर तांबूसपणाचा मागमूस नव्हता, आणि ते कोडं तिने नंतर बघू म्हणून बाजूला सारलं होतं. लहान, शुभ्र, तांबूस नाही. म्हणजे टक्कर होऊन कुठल्यातरी मोठ्या गोळ्याचा उडालेला हा टवका असणार, त्याच्या आतल्या, जवळजवळ निव्वळ बर्फाचा.

"अक्का, हा एकटा नसेल. याची भावंडं असतील."

"मग हुडक की. आधी भात संपव."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तिने स्वतःच उभं राहून आपलं माप चुकल्याचं सांगितलं. मग त्या सहकाऱ्याला घेऊन ती शोधाला लागली. वर्ष सरता सरता त्याच वाटेने फिरणारे, तसेच शुभ्र दोन तुकडे सापडले. तिसरा मात्र तांबूस निघाला.

"हा आपल्यातला नाही," सहकारी हिरमुसून म्हणाला.

"नसू दे. त्या दोघांचं माप आधी नीट बघू," ती म्हणाली. "ऊब तूच मोज."